शिकवणीचे मास्तर आणि जलव्याल

पाल भिंतीवरून धपकन् खाली पडते, मांजर तिच्यावर झडप घालते, आणि त्याच्या पंजाखाली वळवळणारी नुसती शेपटी राहते. पाल केव्हाच फळीमागे पसार झालेली असते. हे दृश्य खेड्यात काय, शहरात काय, ज्याने पाहिले नाही असा माणूस विरळा. काही आठवड्यांनी तीच पाल पुन्हा दिसली तर तिला नवी, जराशी आखूड आणि निराळ्या रंगाची शेपटी आलेली असते. यात कोणाला नवल वाटत नाही. पण वाचकहो, समजा उद्या कोणी येऊन सांगितले की, त्या तुटलेल्या शेपटीलाही पुढे डोके फुटले, पाय फुटले, आणि एका पालीच्या दोन पाली झाल्या, तर आपण काय म्हणू? "बाबा, तुझी प्रकृती ठीक आहे ना?" असेच विचारू.

नेमकी अशाच तऱ्हेची बातमी १७४१ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीत वाचली गेली. ती पालीची नव्हती. गोड्या पाण्यातल्या एका इवल्याशा जिवाची होती. आणि ती पाठवणारा कोणी नामांकित पंडित नव्हता. हॉलंडमध्ये एका सरदाराच्या दोन लहान मुलांना घरी राहून शिकवणारा तो एक तरुण मास्तर होता. त्याचे नाव अब्राहम ट्रेंब्ली. त्या जिवाला आज इंग्रजीत हायड्रा आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत जलव्याल म्हणतात. त्या दोघांची ही हकीकत आहे.

पण तिच्याआधी थोडे मागे जायला हवे. खेकड्याचा पाय तुटला तर नवा येतो, ही गोष्ट पावसाळ्यात ओढ्यात खेकडे धरणाऱ्या कोणत्याही पोराला विचारा. एखाद्या खेकड्याला बाकीचे पाय दणकट आणि एकच पाय काडीसारखा, कोवळा असतो. तो नवा फुटलेला. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कोळ्यांनाही हे ठाऊक होते. विद्वान मंडळी मात्र ही अडाण्यांची भाकडकथा म्हणून हसण्यावारी नेत. रेओम्यूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने तसे केले नाही. त्याने खेकडे आणि त्यांचे नदीतले भाऊबंद आणले, त्यांचे पाय तोडले, आणि वाट पाहिली. पाय पुन्हा आले. कोळ्यांचे म्हणणे खरे आहे, असे त्याने १७१२ साली अकादमीपुढे मांडले. एवढ्यावर ते प्रकरण थांबले होते. तुटलेला अवयव पुन्हा येतो हे मान्य झाले. पण तुटलेल्या अवयवाला पुन्हा प्राणी येतो, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

अब्राहम ट्रेंब्ली जिनिव्हाचा. जन्म १७१० चा. गणिताचा अभ्यास झालेला, घराणे प्रतिष्ठित. पण त्या दशकात जिनिव्हा शहरात राजकीय उलथापालथ झाली, आणि हा तरुण पोटापाण्यासाठी हॉलंडला आला. तेथे काही वर्षांनी काउंट बेंटिंक नावाच्या सरदाराच्या मुलांना शिकवण्याचे काम त्याला मिळाले. हेग शहराजवळ सोर्गव्हलीट नावाची सरदाराची बाग आणि वाडा होता. मोठा मुलगा सहा वर्षांचा, धाकटा तीन वर्षांचा. काउंट राजकारणात गुंतलेला, आणि १७४० च्या सुमारास पतिपत्नी विभक्त झालेली. म्हणजे घर मोठे, नोकरचाकर पुष्कळ, आणि मुले तशी एकटीच. त्यांना सांभाळणे, शिकवणे, हिंडवणे हे सारे मास्तरांवर आले.

या मास्तरांची शिकवण्याची तऱ्हा निराळी होती. पुस्तक मिटून ते मुलांना बागेत नेत. डबक्यात जाळे टाकायचे, वर येईल ते काचेच्या बरणीत घालायचे, बरणी खिडकीत मांडायची आणि बघत बसायचे. पुढे छापलेल्या त्यांच्या पुस्तकात मास्तर आणि ही दोन मुले एकत्र दिसतात अशी चित्रे आहेत. मला ती चित्रे पुस्तकातील इतर शास्त्रीय आकृत्यांहून मोलाची वाटतात. त्या काळच्या पंडितांच्या ग्रंथांत राजाची किंवा आश्रयदात्याची छबी असायची; येथे विद्यार्थी आहेत.

१७४० च्या उन्हाळ्यात अशाच एका बरणीत पाणवनस्पतीला चिकटलेले काही हिरवे धागे ट्रेंब्लीला दिसले. लांबी नखाएवढीदेखील नाही. एक टोक पानाला घट्ट धरलेले, दुसऱ्या टोकाला बारीक केसांसारखे सहा-आठ फाटे. हिरवा रंग, फांद्यांसारखे फाटे. वनस्पतीच म्हणायची, दुसरे काय? खरे तर हा जीव अगदीच अपरिचित नव्हता. हॉलंडमधल्याच लेव्हनहूकने १७०२ साली आपल्या भिंगातून तो पाहून त्याचे वर्णन केले होते. पण ट्रेंब्लीला त्याची खबर नव्हती, आणि एका अर्थी ते बरेच झाले.

एके दिवशी ते फाटे हलताना दिसले. पाण्याच्या हालचालीने हलत असतील म्हणून त्याने बरणी मुद्दाम हलवली. तर काय! धागे झुलण्याऐवजी एकदम आखडले आणि त्यांचे हिरवे ठिपके झाले. थोड्या वेळाने पुन्हा सावकाश लांब झाले. लाजाळूचे झाड आपल्या परिचयाचे आहे. तेही हात लावला की मिटते, म्हणून काही ते प्राणी ठरत नाही. तेव्हा एवढ्यावरून निकाल देणे योग्य नव्हते. मग ट्रेंब्लीच्या लक्षात आले की, हे धागे बरणीच्या उजेडाकडील बाजूला गोळा होतात. त्याने बरणी फिरवून ठेवली. काही दिवसांत मंडळी पुन्हा उजेडाकडे! त्याने बरणीला पुठ्ठ्याचे आवरण घातले आणि त्याला एका ठिकाणी कोनाच्या आकाराची फट पाडली. तर त्या फटीच्याच आकारात ते काचेवर जमले. ते चालत कसे, हेही त्याने पाहून ठेवले. मोजणी-अळी जशी कमान करून पुढे सरकते तसे चालत, आणि कधी कधी चक्क कोलांटी उडी घेत.

म्हणजे प्राणी? पण एका गोष्टीने त्याला पुन्हा घोटाळ्यात टाकले. प्रत्येकाचे फाटे सारखे नव्हते. कोणाला सहा, कोणाला आठ, कोणाला त्याहून जास्त. गाईला चारच पाय, कोळ्याला आठच. प्राण्यांत असा हिशेब ठरलेला. झाडाला मात्र किती फांद्या याचा नियम नाही. तेव्हा त्याने शेवटची कसोटी योजली. कापायचे. दोन्ही तुकडे जगले तर ती वनस्पती, कारण झाडाची फांदी तोडून लावली की जगते. मेले तर प्राणी.

२५ नोव्हेंबर १७४० रोजी त्याने कात्रीने पहिला जीव मधोमध कापला आणि दोन्ही तुकडे उथळ काचेच्या भांड्यात ठेवले. वरचा भाग, ज्याला फाटे होते, तो हलला, आखडला, लांब झाला. त्यात फारसे आश्चर्य नव्हते. खालचा तुकडाही आखडत आणि लांब होत होता. पालीची शेपटीही वळवळते, तसेच हे असेल. पण दिवस गेले तरी वळवळ थांबेना. आणि आठ-दहा दिवसांत त्या बुंध्याच्या कापलेल्या टोकावर बारीक टोके उगवलेली दिसली. ती वाढली. ते नवे फाटे होते. आता पहिला कोणता आणि दुसरा कोणता, हे ओळखता येईना.

येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. मास्तरांनी स्वतःच लावलेल्या कसोटीप्रमाणे निकाल अगदी स्वच्छ होता: वनस्पती! दुसरा एखादा असता तर तसे लिहून मोकळा झाला असता. पण याने या जिवाला चालताना पाहिले होते. आणि पुढे तर त्याने त्याला खाताना पाहिले. फाट्यांनी पाणपिसवा धरायच्या, बारीक अळी धरायची, आणि तोंडाशी नेऊन गिळायची. शिकार करणारे झाड? तेव्हा कसोटीच चुकीची असली पाहिजे, असे त्याने ओळखले. प्रयोगाने उत्तर दिले, पण विचारलेल्या प्रश्नाचे नव्हे. भलत्याच आणि फार मोठ्या प्रश्नाचे.

डिसेंबरमध्ये त्याने हे सारे पॅरिसला रेओम्यूरला कळवले. हा तोच खेकड्यांचा रेओम्यूर. आता तो युरोपातील अग्रगण्य निसर्गशास्त्रज्ञ झाला होता. तो सावध माणूस. त्याला जीव प्रत्यक्ष पाहायचे होते. ट्रेंब्लीने १७४१ च्या फेब्रुवारीत पन्नास जीव बाटलीत घालून रवाना केले आणि पाणी सांडू नये म्हणून बूच लाखेने पक्के बंद केले. झाले! हवा न मिळाल्याने सारे वाटेतच मेले. दुसऱ्या खेपेला त्याने बूच साधेच ठेवले, आणि मार्चमध्ये जिवंत जलव्याल पॅरिसला पोचले. रेओम्यूरने स्वतः कापून पाहिले. नंतर त्याने लिहून ठेवले आहे की, शेकडो वेळा पाहूनही आपल्या डोळ्यांना या गोष्टीची सवय होत नाही. त्याने त्यांना 'पॉलिप' हे नाव दिले आणि अकादमीत ट्रेंब्लीची पत्रे वाचली.

मग युरोपभर जी खळबळ माजली तिची कल्पना आज करणे कठीण आहे. एका डबक्यातल्या किड्याने एवढे काय बिघडवले? तर पुष्कळच बिघडवले. त्या काळी बहुतेक विद्वानांचे मत असे की, प्राण्याची घडण नव्याने होतच नाही. सगळा प्राणी सूक्ष्म रूपात अंड्यात किंवा बीजात आधीच तयार असतो, धुतलेले लुगडे घडी घालून पेटीत ठेवावे तसा. वाढ म्हणजे ती घडी उलगडणे. सृष्टीच्या आरंभी परमेश्वराने साऱ्या पिढ्या अशा एकात एक घडी घालून ठेवल्या, असा त्याचा अर्थ. आता ट्रेंब्लीची कात्री ज्या जागी पडेल त्या जागी डोके फुटत होते. आडवे कापा, दोन होतात. चार तुकडे करा, चार होतात. उभे चिरा, तरीही होतात. कात्री कोठे पडणार हे का सृष्टीच्या आरंभीच ठरले होते, आणि तेथे तेथे घड्या ठेवल्या होत्या?

दुसरा प्रश्न आत्म्याचा. आत्मा अखंड आहे, त्याचे तुकडे होत नाहीत, अशी धर्मपंडितांची शिकवण. आपल्याकडील वाचकालाही हा विचार परका नाही. मग एका जिवाचे दोन जीव झाले तेव्हा आत्मा कोणत्या तुकड्यात गेला? दुसऱ्या तुकड्यात आला तो कोठून? रेओम्यूरच्या आणि जिनिव्हाच्या विद्वानांच्या पत्रव्यवहारात हा प्रश्न गंभीरपणे चर्चिला गेला. उलट बाजूला ला मेत्री नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १७४७ साली माणूस हे एक यंत्रच आहे असे प्रतिपादन करणारे पुस्तक काढले आणि त्यात या पॉलिपचा दाखला दिला. जड पदार्थात स्वतःला घडवण्याची शक्ती असेल तर आत्म्याची गरज काय, असा त्याचा सवाल. त्या पुस्तकापायी त्याला हॉलंड सोडून प्रशियाच्या राजाचा आसरा घ्यावा लागला. डबक्यातल्या एका धाग्याने अशी माणसे देशोधडीला लावली!

आपल्या पुराणांत रक्तबीज आहे. त्याच्या रक्ताच्या थेंबाथेंबातून नवा राक्षस उभा राही. जरासंधाची कथा तर लहान मुलांनाही ठाऊक आहे. ग्रीकांच्या पुराणात हायड्रा नावाचा अनेक तोंडांचा सर्प आहे, एक तोंड कापले की त्या जागी नवी येत. ट्रेंब्लीने एका जलव्यालाचे डोके उभे चिरत चिरत त्याला सात डोकी आणली. मग ती सातही कापली, तेव्हा पुन्हा सात आली. आणि कापलेल्या सात डोक्यांचे सात जलव्याल झाले, जे ग्रीक कथाकारांनाही सुचले नव्हते. लिनियसने १७५८ साली या जिवाला हायड्रा हेच नाव पक्के केले.

ट्रेंब्लीचा एक प्रयोग तर आजही हात थरथरायला लावील. जलव्यालाचे शरीर म्हणजे एका बाजूने उघडी पिशवी, आतली बाजू पोट, बाहेरची कातडी. पायमोजा उलटा करावा तशी ही पिशवी उलटी केली तर? पोट बाहेर आणि कातडी आत, अशा स्थितीत तो जगेल का? आधी त्याला भरपूर खाऊ घालायचे, म्हणजे पिशवी फुगते. मग डाव्या तळहातावर पाण्याच्या थेंबात त्याला घ्यायचे आणि रानडुकराच्या राठ केसाने त्याचे बूड आतून तोंडाकडे ढकलत न्यायचे. कितीतरी वेळा फसले, पण साधले. काहींनी स्वतःला पुन्हा सुलटे करून घेतले. मग त्याने उलट्या केलेल्या जिवात आडवा केस ओवून ठेवला, सुलटे होऊ नये म्हणून. तेही जगले, खाऊ लागले. कातडीचे पोट झाले असे त्याला वाटले. पुढे उलगडा झाला की, तसे होत नाही. थरांतल्या पेशी हळूहळू सरकून आपापल्या मूळ जागी परत जातात. पण १७४२ साली साध्या भिंगाने आणि डुकराच्या केसाने हे करणारा माणूस किती धीराचा असेल! दोन जलव्याल एकमेकांना जोडून त्यांचा एक करण्यातही त्याला यश आले. झाडाची कलम बांधतात तशी प्राण्याची ही कलमच म्हणायची.

या माणसाचा मोठेपणा मला हाताच्या कौशल्याहून एका वेगळ्या गोष्टीत दिसतो. शोध दडवून ठेवण्याचा तो काळ. पुस्तक छापून होईपर्यंत लोक कोणाला हिंग लावू देत नसत. ट्रेंब्ली मात्र जो मागेल त्याला जिवंत जलव्याल पाठवी, बरोबर कसे पाळावे, काय खाऊ घालावे, कसे कापावे याची सविस्तर पत्रे. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः कापून पाहा, असे जणू तो सांगत होता. लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष मार्टिन फोक्स यांच्याकडे १७४३ साली जलव्याल पोचले आणि सभासदांनी ते डोळ्यांनी पाहिले. त्याच्या या औदार्याचा फायदा घेऊन हेन्री बेकर नावाच्या इंग्रजाने त्याच वर्षी पॉलिपवर पुस्तक छापून टाकले, ट्रेंब्लीच्या स्वतःच्या ग्रंथाआधी! रॉयल सोसायटीने मात्र मान कोणाला द्यायचा ते बरोबर ओळखले. १७४३ चे कॉप्ली पदक ट्रेंब्लीला मिळाले. त्याचा ग्रंथ १७४४ साली लायडनला फ्रेंच भाषेत निघाला. त्यातील चित्रे लायोने नावाच्या हेगच्या वकिलाने काढली, आणि नक्षी कोरणारा पुरेसा वेगाने काम करीना म्हणून तो स्वतः तांब्यावर कोरायला शिकला. या ग्रंथाचे पूर्ण इंग्रजी भाषांतर व्हायला मात्र १९८६ साल उजाडावे लागले.

जिनिव्हात ट्रेंब्लीचा एक तरुण नातलग होता, शार्ल बोने. त्याने वयाच्या विसाव्या वर्षी एक माव्याची मादी एकटी कोंडून ठेवली आणि नराशिवाय तिला पंचाण्णव पिल्ले झालेली मोजली. जलव्यालाची बातमी कळताच १७४१ मध्ये त्याने गाळातले बारीक लांब किडे कापायला घेतले. एकेकाचे वीस-पंचवीस तुकडे केले, आणि बहुतेक तुकड्यांना डोके व शेपूट येऊन पुरे किडे झाले. पुढे डोळे अधू झाल्यामुळे त्याला सूक्ष्मदर्शक सोडावा लागला.

किड्यांचा विषय निघालाच आहे तर शेतकरी बंधूंच्या मनातली एक शंका येथेच दूर करतो. नांगराच्या फाळाने गांडूळ तुटले की एकाची दोन गांडुळे होतात, असे सर्रास मानले जाते. बहुतेक जातींत ते खरे नाही. गांडुळाच्या अंगावर तोंडाच्या बाजूला जो जाडसर पट्टा असतो, त्याच्या मागे तुटले तर पुढचा भाग बहुधा जगतो आणि त्याला नवी शेपटी येते. मागचा तुकडा काही काळ वळवळतो आणि मरतो. काही जाती याला अपवाद आहेत. आपल्याकडे गांडूळखतासाठी वापरली जाणारी पेरिओनिक्स ही जात पुनर्जननात बरीच पुढे आहे. पण म्हणून खताच्या खड्ड्यात फावडे बेफाम चालवू नये.

पुढला काळ मी भराभर सांगतो. इटलीतील स्पालान्झानी या धर्मगुरूने १७६८ साली गोगलगायींची डोकी आणि सॅलॅमँडरचे पाय कापून ते पुन्हा येतात असे जाहीर केले. सॅलॅमँडर हा दिसायला पालीसारखा, पण जातकुळी बेडकाची. ही वार्ता ऐकून सत्तरी उलटलेला व्हॉल्टेअरही गोगलगायी कापत बसला. त्याच सुमारास चपट्या कृमींच्या प्लॅनेरिया नावाच्या गटाकडे लक्ष गेले. ओढ्यातल्या दगडाखाली सापडणारे हे पानासारखे चपटे किडे. अमेरिकेतील टॉमस मॉर्गन याने १८९८ च्या सुमारास त्यांचे इतके तुकडे केले की, मूळ शरीराच्या २७९ व्या हिश्श्याएवढ्या तुकड्यातूनही पुरा किडा होऊ शकतो असा हिशेब त्याने मांडला. हाच मॉर्गन पुढे फळमाशीकडे वळला आणि आनुवंशिकतेच्या कामाबद्दल १९३३ चे नोबेल पारितोषिक मिळवून गेला. १९०७ साली तर एच. व्ही. विल्सन याने जिवंत स्पंज बारीक जाळीच्या कापडातून गाळून त्याच्या पेशी सुट्ट्या केल्या, आणि त्या पेशी पुन्हा एकत्र येऊन स्पंज झाला! १९७२ साली जलव्यालाच्या बाबतीतही असेच करून दाखवण्यात आले.

परंतु डोके कोठे यायचे आणि शेपूट कोठे, हे तुकड्याला कळते कसे? या प्रश्नाला पहिला हात घातला एका विद्यार्थिनीने. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील एथेल ब्राऊन हिने १९०९ साली एका जलव्यालाच्या तोंडाजवळचा कणभर भाग काढून दुसऱ्याच्या कुशीत बसवला. तेथे, कुशीतून, नवा जलव्याल फुटला. विशेष हे की, तो केवळ त्या कणातून झाला नाही. त्या कणाने यजमानाच्याच पेशींना कामाला लावले होते. मुकादम एक आणि मजूर गावचे, असा तो प्रकार. जर्मनीत हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी १९२४ साली सॅलॅमँडरच्या गर्भात असाच मुकादम शोधला आणि श्पेमानला १९३५ चे नोबेल मिळाले. ब्राऊनबाईंचा प्रयोग पंधरा वर्षे आधीचा. त्याची आठवण शास्त्रज्ञांना फार उशिरा झाली.

आज आपल्याला पुष्कळ अधिक ठाऊक आहे. प्लॅनेरियाच्या अंगभर विशिष्ट पेशी विखुरलेल्या असतात. त्यांतून कोणत्याही प्रकारची पेशी तयार होऊ शकते. किरणांचा मारा करून एखाद्या प्लॅनेरियातील अशा साऱ्या पेशी मारल्या तर तो हळूहळू झिजून मरतो. पण २०११ साली असे दाखवण्यात आले की, त्याच्यात दुसऱ्याची अशी एकच पेशी सोडली तरी ती वाढून त्याला वाचवू शकते. २००८ साली असेही आढळले की, एका विशिष्ट जनुकाचे काम बंद पाडले तर शेपटीच्या जखमेतून शेपटी न येता डोकेच उगवते. म्हणजे दोन्हीकडे डोकी! जलव्यालाची रीत थोडी निराळी. त्याचा तुकडा नवी भर घालण्याआधी आहे त्याच पेशींची फेरमांडणी करून लहानसा पण पुरा जीव बनवतो आणि मग वाढतो. आपल्या पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत जलव्यालावर अनेक वर्षे संशोधन झाले आहे, आणि तेथल्या वाणाला शास्त्रीय जगात 'इंड-पुणे' याच नावाने ओळखतात.

हे सारे ऐकल्यावर एक प्रश्न गावोगावी विचारला जाईल याची मला जाणीव आहे. कडबाकुट्टी यंत्रात किंवा उसाच्या चरकात बोटे गेलेली माणसे आपल्यात आहेत. पाणकिड्याला डोके येते, मग माणसाला बोट का नाही? स्पष्ट सांगितले पाहिजे की, आज तरी येत नाही. बोट यावे असे कोणतेही औषध, लेप वा मुळी उपलब्ध नाही, आणि तसे सांगून पैसे घेणाऱ्याला दारात उभे करू नये. माणसाचे यकृत बराच भाग कापला तरी वाढून भरून येते. लहान मुलाच्या बोटाचे अगदी शेंड्याचे टोक, नखाचे मूळ शाबूत ठेवून तुटले, तर तेही पुष्कळदा भरून येते. त्यापलीकडे आपले शरीर व्रण धरून जखम बुजवते. रक्तस्राव लवकर थांबतो, जंतू आत शिरत नाहीत. पण बोट गेले ते गेले. सॅलॅमँडर व्रण न धरता पाय उगवतो, आपण व्रण धरतो, हा फरक कसा पडला याचा शोध अनेक प्रयोगशाळांत चालू आहे. तोवर यंत्राच्या तोंडाला जाळी बसवलेली बरी. आणि तुटलेला तुकडा मिळाला तर ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, ती पिशवी बर्फावर ठेवून, ताबडतोब मोठ्या इस्पितळात न्यावा. काही वेळा तो पुन्हा जोडता येतो.

ट्रेंब्लीने १७४४ नंतर पॉलिप जवळजवळ सोडलेच. एका इंग्रज ड्यूकच्या मुलाला शिकवत त्याने युरोप पालथा घातला, जिनिव्हाला परतून १७५७ साली लग्न केले, आणि उरलेले आयुष्य स्वतःच्या मुलांना शिकवण्यात व मुलांच्या शिक्षणावर पुस्तके लिहिण्यात घालवले. १७८४ साली तो वारला.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी. जलव्याल पाहायला हॉलंडला जायला नको. ज्या तळ्यात, संथ ओढ्यात किंवा जुन्या विहिरीत पाणी स्वच्छ आणि पाणवनस्पती भरपूर, तेथून मूठभर वनस्पती पाण्यासकट काचेच्या बरणीत आणा. विहिरीशी मुलांना पाठवू नका, स्वतः जा. साबणाने धुतलेली बरणी नको, नळाचे औषध घातलेले पाणी नको, झाकण घट्ट लावू नका. बरणी वर्गाच्या खिडकीत, पण कडक ऊन लागणार नाही अशी, एक-दोन दिवस हलवू नका. मग मुलांना उजेडाकडील काचेवर भिंगातून शोधायला सांगा. एखादा बारीक, फिकट धागा दिसेल, टोकाला केसांसारखे फाटे असलेला. बरणीला बोटाने हलकेच टिचकी मारा. धागा आखडून त्याचा ठिपका झाला, तर तो जलव्याल.